दुबेलला एकच गडद माल्ट पुरे

घरच्या घरी बेल्जियन धाटणीची बिअर करणारी हौशी मंडळी बहुतेकदा चुकतात ती विशेष माल्ट निवडताना. दुबेल प्रकारची बिअर दिसायला गर्द तपकिरी, चवीला मनुका, अंजीर आणि करपवलेल्या साखरेची. मग हा रंग आणि ही चव साधायला कॅरामेल, ॲरोमॅटिक, बिस्किट, चॉकलेट असे चार-पाच माल्ट एकाच पातेल्यात पडतात. हाती येते ती जड, गोडमिट्ट बिअर. दुसरा ग्लास घ्यावासा वाटत नाही.

बेल्जियमच्या मठांत असे करत नाहीत.

वेस्टव्लेटरेन गावच्या सेंट सिक्स्टस मठातली ‘१२’ ही बिअर घ्या. अल्कोहोल १०.२ टक्के, रंग जवळजवळ काळसर. स्टॅन हिरोनिमस यांनी ‘ब्रू लाइक अ मंक’ (२००५) या पुस्तकात तिथली कृती नोंदवली आहे: पिल्सनर आणि पेल असे दोनच फिके माल्ट, बाकी साखर. तो गडद रंग साखरेचाच. वेस्टमाल मठाच्या ट्रिपेल या फिक्या, जास्त अल्कोहोलच्या बिअरमध्येही पिल्सनर माल्ट आणि साखर, एवढेच.

कारण माल्टच्या घडणीत आहे. कॅरामेल माल्ट करताना मोड आलेला ओला सातू ६५ अंशांच्या आसपास ऊब देऊन ठेवतात. पिष्टाची साखर दाण्यातच होते आणि पुढच्या भाजणीत तिचे कॅरामेल बनते. यातला बराच भाग यीस्टला पचत नाही, तो बिअरमध्ये गोडवा आणि जडपणा होऊन उरतो. साध्या साखरेचे उलट आहे. ती जवळजवळ पूर्ण आंबते, म्हणून नऊ टक्क्यांची ट्रिपेलही जिभेवर कोरडी आणि हलकी लागते. शिवाय बेल्जियन बिअरमधला फळांचा, लवंगेचा गंध मुळात यीस्टचा असतो. माल्टची गर्दी झाली की तोच आधी बुजतो. एवढे मेहनतीने जपलेले यीस्ट असे वाया जावे, हे खरोखर वाईट.

म्हणून ट्रिपेलमध्ये विशेष माल्ट घालूच नये. दुबेलसाठी एकच घ्यावा, स्पेशल बी. बेल्जियममध्येच तयार होणारा हा सर्वांत गडद कॅरामेल माल्टांपैकी एक. ईबीसी या रंगाच्या मापात पिल्सनर ३ च्या आसपास, तर हा ३०० च्या घरात. मनुकांची चव याच्यातच आहे, त्यामुळे हात आखडता हवा: वीस लिटरला पाच किलो पिल्सनर, अर्धा किलो गडद कँडी साखरेचा पाक आणि स्पेशल बी फार तर अडीचशे ग्रॅम. चॉकलेट माल्टला इथे जागा नाही. त्याचा कडवट, कॉफीसारखा भाजकेपणा पोर्टर आणि स्टाउटमध्ये शोभतो.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या मराठी हौशींना मात्र स्वतःपुरती करता येते. त्यांनी पुढची दुबेल एकदा स्पेशल बी घालून आणि एकदा नुसत्या पाकावर करून पाहावी, आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखावेत.