पलीकडे कुणी आहे का?

हॉस्टेलवर पावलं मोजणारं अ‍ॅप प्रत्येकाकडे असतं. पहिला आठवडा रोज स्टेटसला स्क्रीनशॉट, मग नोटिफिकेशन बंद आणि फोन भरला की सगळ्यात आधी उडतं तेच. सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आलेल्यांनी आता गावाकडचा फोन आठवून पाहा. तिथे पावलं मोजायची गरजच नाही, चढउतार पाचवीलाच पुजलेला!

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये मांडलं होतं, की एखादी गोष्ट उपयोगाची आणि सोपी वाटली तर माणूस ती स्वीकारतो. बरोबर आहे, पण पुढे ती टिकते कशी? २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’ घेतलं, कारण भीती होती आणि काही ठिकाणी सक्तीही. आज ते तुमच्या फोनमध्ये आहे? २०२१ मध्ये तर राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइलच परत केले. हँडसेट निकृष्ट आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. त्यांचं काय चुकलं?

याउलट १०८ बघा. अ‍ॅप नाही, लॉगिन नाही, पासवर्ड नाही. नंबर लावला की पलीकडून माणूस बोलतो. ‘ई-संजीवनी’चंही तेच. घरबसल्या वापरता येतं, तरी तिचा बहुतांश वापर आरोग्य केंद्रांतून होतो, कारण तिथे डॉक्टरांशी जोडून द्यायला कुणीतरी समोर बसलेलं असतं. आमच्या मते लोक विश्वास ठेवतात तो अ‍ॅपवर नाही, ते दाखवणाऱ्या आशाताईवर. आणि अ‍ॅप ठेवतात तेव्हाच, जेव्हा पलीकडून उत्तर येतं.

सुरगाण्यात प्रश्न इथेच अडतो. सुविधा नाहीत म्हणून गुजरातमध्ये जाऊ द्या, असं सीमेवरच्या गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं होतं. त्या रागावर अ‍ॅप हा उतारा नव्हे. दवाखान्यात डॉक्टर नसेल तर तपासणीची आठवण करून देणारा मेसेज म्हणजे नुसती चेष्टा.

शिवाय घरात फोन बहुतेकदा एकच, तोही बापाच्या खिशात. द्राक्षाच्या हंगामात तो दिंडोरी-निफाडला कामावर गेला, की घरी असलेल्या गरोदर वहिनीच्या तपासणीचा मेसेज कुठे वाजणार? बागेत. सुट्टीत गावी गेलात तर एवढं तरी विचारा, की नोंदणीला नंबर कुणाचा दिलाय?