पाठदुखीचे मूळ कंबरेखाली

दुकानाच्या गादीवर वा खुर्चीत दिवसाचे आठ-दहा तास बसणारे व्यापारी बंधू पाठ दुखली की मलम चोळतात, वेदनाशामक गोळी घेतात आणि पुन्हा बसतात. दुखण्याचे मूळ अनेकदा श्रोणीभोवतीच्या, म्हणजे कंबरेखालील हाडांच्या कड्याभोवतीच्या, स्नायूंत असते.

कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू दीर्घकाळ बसल्याने आखडू शकतो. पोटाचे व नितंबांचे स्नायू दुर्बल होतात. मग श्रोणी पुढे झुकते, कंबरेचा बाक वाढतो आणि मणक्यांच्या मागील सांध्यांवर ताण येतो. प्रागचे डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी विसाव्या शतकात या असमतोलाचे सविस्तर वर्णन केले. मात्र श्रोणी झुकलेल्या प्रत्येकाची पाठ दुखतेच असे नाही.

उपाय साधा, पण नित्याचा आहे. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. एक गुडघा जमिनीवर टेकवून त्या मांडीचा पुढचा भाग हळुवार ताणावा. सेतुबंधासनाने नितंब बळकट करावेत.

पाय बधिर वा अशक्त झाल्यास, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटल्यास मात्र व्यायामात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. गिऱ्हाईक थांबेल, हे दुखणे थांबत नाही.