चाईला किडा नसतो

वाटूर फाट्यावरच्या सलूनात एका जाणत्या गृहस्थांनी परवा निकाल देऊन टाकला. चाई म्हणजे केस खाणारा किडा. लसूण चोळा, नाहीच मेला तर पात्यानं चिरून वर गुंज उगाळून लावा. डॉक्टर नुसत्या सुया टोचून पैसे काढतात. खुर्चीत आठ वर्षांचा पोरगा मान खाली घालून बसला होता. कानामागे रुपयाएवढी चाई, आणि तिच्यावर लसणानं भाजून आलेला ओला फोड.

किडा कुणी पाहिला नाही, कारण तो नसतोच. रोगाशी लढणाऱ्या शरीरातल्याच पेशी केसांच्या मुळांवर उलटतात. मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. गुंजेत तर जहाल विष असतं. ते लेकराच्या चिरलेल्या कातडीवर?

‘पण आमच्या लसणानं केस आले ना!’ हा त्यांचा हुकमी एक्का. अहो, एकदोन ठिकाणची लहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरते. त्या काळात तूप लावलं तर तुपाला मान, अंगारा लावला तर अंगाऱ्याला. ज्यांची भरली ते गावभर सांगतात. ज्या लेकराची पसरली, भुवया-पापण्याही गेल्या, त्याचे आईबाप फाट्यावर येऊन सांगत नाहीत; ते पोराला टोपी घालून घरात ठेवतात. काविळीच्या माळेवरून हाच वाद मी किती वर्षं घालतोय! कावीळ बहुतेकदा आपली आपण उतरते, आणि नवस माळेचा फिटतो.

शेगावकडच्या गावांत 2024 च्या अखेरीस भराभर टक्कल पडलं, त्याचाही दाखला त्यांनी दिला. तो प्रकारच निराळा; तिथं संशय सेलेनियमवर गेला.

मग करायचं काय? जागेवर खपल्या, तुटके केस असतील तर ती बुरशी. ती एकाची दुसऱ्याला लागते, तिला पोटातून गोळ्या लागतात. जागा गुळगुळीत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लहानग्यांना बहुधा स्टेरॉइडचं मलम देतात, सुया मोठ्या मुलांना. फार पसरलेल्या चाईसाठी 12 वर्षांपुढच्या मुलांना रिटलेसिटिनिब ही गोळी अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाली. हमी कशाचीच नाही, हे आईबापांना आधीच सांगावं.

त्या पोराच्या आईला म्हटलं, फोड डॉक्टरांना दाखव, तोवर काही चोळू नको. शाळेत त्याला वेगळ्या बाकावर बसवलंय. सोमवारी बाईंना भेटून सांगणार आहे, चाई कुणाला लागत नाही.