शब्दाआधीचं बोलणं

तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. पाणी हवं असलं की आईचं मनगट धरून तिला माठाकडे ओढत नेतं. वडीलधारी म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला." शेजारीण म्हणते, "लाडावून ठेवलंय." आणि आई बिचारी मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावते.

तो बोल आधी मनातून काढून टाका. स्वमग्नतेचं वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली केलं. त्यानंतर बरीच वर्षं भले भले तज्ज्ञही आईच्या कोरडेपणाला दोष देत. ते साफ चुकीचं ठरलं आहे. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते. मात्र "बोलेल हळूहळू" म्हणत वर्ष दवडू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.

आता ते मनगट ओढणं. तो हट्ट नव्हे, मागणंच आहे. त्याला वाट करून द्यायची. आवडत्या वस्तूचा, समजा बिस्किटाचा, फोटो पुठ्ठ्यावर चिकटवा. बिस्किटं दिसतील, पण हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. तुम्ही समोर बसा. मागे बसलेल्या नवऱ्यानं किंवा नणंदेनं मुलाचा हात धरून तो फोटो तुमच्या तळहातावर ठेवायला मदत करावी. "काय हवं?" असं विचारू नका. फोटो हाती पडताच "बिस्कीट!" म्हणा आणि लगेच द्या. तुकडा लहानच द्या, म्हणजे पुन्हा मागावं लागेल. मागून होणारी मदत हळूहळू कमी करा. अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली बसवलेली ही पद्धत. चित्रांमुळे बोलणं मागे पडेल ही भीती नको. कित्येकांना शब्दांसाठी त्यांची मदतच होते. काही मुलं पुढेही चित्रांनीच बोलतील. तेही बोलणंच.

काही मुलं आपलंच वाक्य परत म्हणतात. तहान लागली की "तुला पाणी हवं?" असं तीच आपल्याला विचारतात! हसू नका, रागावू नका. "मला पाणी दे," असं त्याच्या वतीनं म्हणा आणि पेला हाती द्या. घरात सगळ्यांनी शब्द एकच वापरा. आजीचं 'मंमं' आणि बाबांचं 'वॉटर' यांत त्याचा गोंधळ होतो.

न मागता सगळं पुढ्यात ठेवलं, तर मूल मागायला शिकणार कधी? पण रडेपर्यंत ताणू मात्र नका हं!