शरणपूरची मुले आणि आपण

शरणपूर रस्त्याने आपण रोज ये-जा करतो. परंतु या नावातले ‘शरण’ कोणासाठी होते, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल?

१८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी नाशिकजवळ ही ख्रिस्ती वसाहत वसविली. पुढे १८६० पासून तिथे आफ्रिकन मुले येऊ लागली. गुलाम म्हणून विकायला नेली जाणारी ही मुले इंग्रजांच्या आरमाराने अरबी गलबतांतून सोडवून मुंबईस उतरविली होती. शरणपुरात त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकविले गेले.

इतिहास एवढे सांगून पुढे जातो. मला मात्र वाटते, त्या मुलांचा खरा अभ्यास शाळेबाहेरच झाला असणार. जोडे कुठे काढायचे, पाणी कोणाच्या हातचे मागायचे, वडीलधाऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, बाजारात कोणाला शिवायचे नाही – हे कोणत्या पुस्तकात होते? शिवाय त्यांना एकाच वेळी दोन घरच्या रीती शिकायच्या होत्या : मिशनच्या बंगल्यातली इंग्रजी आणि कुंपणापलीकडची नाशिकची! चुकले की इथे रागे भरणार, तिथे हसणार. आणि समजूत घालायला आई जवळ नाही.

यांतलीच काही मुले १८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेली. १८७२ मध्ये गेलेल्या दुसऱ्या तुकडीत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा झाडावर त्यांचे नाव कोरणारा तोच. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत १८ एप्रिल १८७४ रोजी झालेल्या अंत्यविधीतही तो मानाने सहभागी झाला. ‘जेकब वेनराइट’ हे नाव मात्र त्याच्या आईने ठेवलेले नव्हते.

१८७५ च्या सुमारास प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसविले. तिथे गेलेल्या शरणपूरच्या मंडळींना लोक काय म्हणू लागले? ‘बॉम्बे आफ्रिकन’! नाशिकला ती आफ्रिकेची, आफ्रिकेत ती मुंबईची. ज्यांनी इतक्या कष्टाने परक्या चालीरीती आपल्याशा केल्या, त्यांना स्वतःच्या मातीतही पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

मिशनने त्यांना जीवदान दिले, विद्या दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आसरा देणाऱ्याने नाव, भाषा, रीत सारेच बदलून मागावे काय? मला ते पटत नाही. नवी रीत जुनीच्या जोडीला शिकवावी, तिच्या जागी नव्हे.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणेल. मित्रहो, तो आपल्याच बाकावर बसला आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेला मुलगा पहिल्या दिवशी वर्गात दोन वाक्ये बोलतो आणि मागून खसखस पिकते. महिन्याभरात तो आपल्यासारखे बोलू लागतो. त्याहून अधिक वेळा बोलायचाच थांबतो. ‘सुधारला’ असे आपण म्हणतो. त्याच्या घरची बोली, त्याचे सण, त्याचे जेवण यांविषयी आपण त्याला कधी एक प्रश्न तरी विचारला आहे काय?

शहराच्या रीती तो शिकेलच, मुले शिकतातच. त्याच्या रीतींतली एखादी आपणही शिकलो, तर शरणपूर रस्त्यावरून जाण्याचा आपल्याला थोडा अधिकार पोहोचेल.