दुकान गेलं, नाव राहिलं

गेल्या उन्हाळ्यात शिकागोला मुलाकडे होते. गाडीत रेडिओ चालू होता. निवेदक मध्येच म्हणाला, "डब्ल्यूएलएस". नातवाला विचारलं, "हे काय रे?" तर म्हणे, "आजी, स्टेशनचं नाव आहे. अर्थबिर्थ काही नसतो त्याला." जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला असलं उत्तर कसं चालेल? घरी येऊन शोधलंच.

अमेरिकेत १९२३ पासून मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या नव्या केंद्रांना सहसा डब्ल्यू आणि पश्चिमेकडच्यांना के हे पहिलं अक्षर मिळतं. (१९२० चं पिट्सबर्गचं केडीकेए मात्र पूर्वेला असून 'के'च मिरवतं!) पुढची अक्षरं पुष्कळांनी हौसेने मागून घेतली. १९२४ मध्ये सिअर्स कंपनीने शिकागोत केंद्र काढलं आणि नाव घेतलं डब्ल्यूएलएस, म्हणजे 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर'. जगातलं सर्वांत मोठं दुकान! तिथलंच ट्रिब्यून कसं मागे राहील? त्यांचं डब्ल्यूजीएन, 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर'. नम्रपणाचं नाव नाही!

सिअर्सने चारच वर्षांत, १९२८ मध्ये केंद्र विकलं. २०१८ मध्ये तर कंपनीचंच दिवाळं निघालं. पण नव्या मालकांनी ती तीन अक्षरं पुसली नाहीत. उलट न्यूयॉर्कचं डब्ल्यूईएएफ १९४६ मध्ये डब्ल्यूएनबीसी झालं, १९५४ मध्ये डब्ल्यूआरसीए आणि १९६० मध्ये पुन्हा डब्ल्यूएनबीसी. ऐकणाऱ्याने करायचं काय?

नातू म्हणाला, "अर्थच गेला, तर नाव कशाला ठेवायचं?" मला तसं वाटत नाही. नाव ठेवणारा एक असतो, पण हाक मारणारे हजारो असतात. पुढे ते नाव त्यांचंच होतं.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. ज्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, तिला काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराचं नाव दिलं. देणगीतून गळकं छप्पर नवं झालं, हे मी नाकारत नाही. पण मग नव्या इमारतीला द्यायचं होतं ते नाव! आता जुने विद्यार्थी भेटले की म्हणतात, "बाई, आपली शाळा..." आणि पुढे कुठलं नाव घ्यावं म्हणून अडखळतात.

मी मात्र जुनंच नाव घेते. तुम्हीही घ्या.