लग्न, पत्र्याची शेड आणि कारखान्याचं गेट

लग्न कुणाशी करायचं हे आजकाल मुलंमुली ठरवतात आणि आपण समंजसपणे मान डोलावतो. पण लग्न कुठे करायचं म्हटलं, की प्रत्येक नातेवाइकाला कंठ फुटतो!

निमित्त आमच्या भाचीच्या लग्नाचं. नगरात (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात नगरच) मनमाड रोडला जा नाहीतर पुणे रोडला, कार्यालयं आणि लॉन्स यांची रांग लागलेली. बाईसाहेबांना त्यातलं एकही नको. तिला हवी आहे नागापूर एमआयडीसीतली एक रिकामी शेड. मुलाकडच्या ओळखीतली आहे. आत पूर्वी लेथ मशिनं होती, आता नुसता लोखंडी सांगाडा, उंच पत्रे आणि भिंतीवर रंग उडालेली 'धूम्रपान सक्त मनाई'ची पाटी. "मामा, इंडस्ट्रियल लुक असतो, नाही तिथे काही सजवावं लागत," इति भाची.

घरात अर्थातच भूकंप. आजीचा प्रश्न, "गोडाऊनात काय लग्न लावायचं गं? लोक काय म्हणतील?" आत्याचा प्रश्न वास्तूच्या पावित्र्याचा. मावशीचा प्रश्न एसीचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शेडमध्ये लग्न लावायला माझी काहीएक हरकत नाही. मंगल कार्यालय ही काही वेदकाळापासून चालत आलेली गोष्ट नव्हे. आमच्या आधीच्या पिढीची लग्नं दारात मांडव घालून, शाळेच्या पटांगणात नाहीतर देवळाच्या सभामंडपात लागली आणि टिकलीही. उलट, ज्या छपराखाली माणसांनी वर्षानुवर्षं घाम गाळून घरं चालवली ती जागा अपवित्र कशी? आपण दसऱ्याला मशीनला हार घालतोच की.

तेव्हा पावित्र्याचा मुद्दा मी निकालात काढला. पण 'लुक' या शब्दापाशी माझी गाडी अडली.

हा लुक आला कुठून? न्यूयॉर्कच्या सोहो भागातले छोटे कारखाने गेल्या शतकाच्या मध्यानंतर रिकामे होऊ लागले. मोठ्या खिडक्या, उंच छत आणि कमी भाडं म्हणून तिथे चित्रकार राहायला आले. मग त्यांच्यामागून पैसेवाले आले आणि चित्रकारांना भाडं परवडेना. शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर 'लॉफ्ट लिव्हिंग' नावाचं पुस्तक लिहिलं, १९८२ साली. योगायोग बघा, त्याच वर्षी १८ जानेवारीला आपल्याकडे मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पुढे त्याच गिरण्यांच्या आवारांत मॉल, हॉटेलं आणि पब आले. चिमणी शोभेला ठेवली आणि कामगार गेला. म्हणजे हा सुंदर लुक बहुतेक वेळा कुणाचं तरी काम गेल्यानंतर उरलेला असतो. म्हणून तिथे लग्न करू नये असं मी म्हणत नाही. पण एवढं माहीत असावं.

आणि लुकच्या नादात साध्या गोष्टी राहून जातात. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल आवारातल्या पबना आग लागली आणि १४ माणसं गेली. तिथे वाढदिवस साजरा करायला आलेली मुलगीही त्यात होती. जागा मशीनसाठी बांधलेली असते आणि आपण तिथे चारशे माणसं भरतो, हे विसरून चालत नाही. म्हणून मी भाचीला फुलांबद्दल एक शब्द बोललो नाही, फक्त प्रश्न विचारले. शेडला एक शटर आहे, दुसरं दार कुठे? होम पेटणार, मग वर कापडाची झालर कशाला? आचारी गॅसच्या टाक्या कुठे ठेवणार? (बाहेर, आणि लांब.) संडास दोन, पाहुणे चारशे, फिरती शौचालयं किती? वीज कोण तपासणार? कारखान्यासाठी दिलेल्या भूखंडावर कार्य करायचं तर मालकाने नुसतं "हो, करा की" म्हणून भागत नाही. एमआयडीसी, अग्निशमन आणि पोलीस, तिघांकडे लेखी विचारायला हवं. शिवाय पत्र्याखाली एप्रिल-मेचं नगरचं ऊन म्हणजे पाहुण्यांची भट्टी. त्यामुळे मुहूर्त हिवाळ्यातला नाहीतर संध्याकाळचा. आणि रिकाम्या शेडमध्ये आवाज इतका घुमतो, की मंगलाष्टकांतलं 'सावधान' तेवढं कळेल, बाकी सगळा गोंधळ. तेही एका अर्थी बरंच म्हणा!

या प्रश्नांना तिच्याकडे उत्तरं असतील, तर माझ्याकडून होकार.

पण मंडळी, मला खरं लिहायचंय ते पुढचंच. सजावटवाल्याने तिला एक 'थीम' सुचवली आहे. प्रवेशद्वारावर उसाच्या मोळ्या, एक जुनी बैलगाडी आणि मागे कारखान्याच्या चिमणीचं चित्र. का, तर आपला जिल्हा साखरेचा.

जिल्हा साखरेचा हे खरंच आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला, तो १९५० मध्ये सुरू झाला आणि प्रवरानगर नाव देशभर गेलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच साखरेच्या पट्ट्यात कारखान्याच्या जागेवरचं आणखी एक लग्न असतं, आणि ते कुठल्याच अल्बममध्ये दिसत नाही.

आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागेपर्यंत. तिथे माणूस मोजत नाहीत, 'कोयता' मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला कमी पैसे आणि कामही मिळायची मारामार. मग पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. तिकडे मुलीच्या आईबापांना वेगळी काळजी. सहा महिने फडावर जायचं, तर वयात आलेली पोर गावाकडे कुणाच्या भरवशावर ठेवायची? दोन्हीकडची गरज जुळते आणि लग्न उरकलं जातं. 'गेटकेन' म्हणजे खरं तर थेट कारखान्याच्या गेटवर आणलेला ऊस. या पट्ट्यात तोच शब्द कारखान्याच्या गेटवर घाईघाईत लागणाऱ्या लग्नांनाही चिकटला. उसाला आणि पोरीला एकच शब्द.

कायदा आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत असं सांगतो. पण आधार कार्डावरच्या जन्मतारखेपेक्षा उचलीचा आकडा मोठा ठरतो, तिथे कायदा एकटा काय करणार? मुलांसाठी गावातच वसतिगृह, फडावर सुरक्षित निवारा आणि एकट्या माणसालाही धड मजुरी, या गोष्टी झाल्याशिवाय नुसता लग्नमंडपात पोलीस पाठवून हे थांबणार नाही, असं माझं मत आहे.

आता कळलं असेल मला ती बैलगाडी का नको ते. आमची भाची सत्तावीस वर्षांची, शिकलेली, स्वतः कमावणारी. तिने नवरा निवडला, तारीख निवडली, जागा निवडली. तिच्या शेडमधल्या लग्नात मला आवडलेली गोष्ट तेवढीच, की ते तिचं तिने ठरवलेलं आहे. त्याच जिल्ह्यातली पंधरा-सोळा वर्षांची पोर कारखान्याच्या जागेवर उभी राहते, तेव्हा तिला यातलं काहीही निवडता आलेलं नसतं. तिच्या रोजच्या बैलगाडीसमोर आपण फेटे बांधून फोटो काढायचे, हे मला तरी जमणार नाही.

मग करायचं काय? मी तिला एवढंच सुचवलंय. शेड हवी तर शेड घे, पण ती जशी आहे तशी घे. तिथल्या कामाला नाटकाचा पडदा करू नकोस. त्या शेडमध्ये जे लेथवर उभे राहायचे त्यांतले जे कोणी सापडतील त्यांना पत्रिका दे, पंगतीत पहिल्या रांगेत बसव. शेजारच्या शेडमधल्या कामगारांची पाळी चालू असेल त्या दिवशी रस्ता अडवू नकोस, सुटीचा दिवस धर. आणि बैलगाडी, मोळ्या, चिमणी यांवर जे पैसे वाचतील ते ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी चालणाऱ्या एखाद्या वसतिगृहाला दे. गाजावाजा न करता. स्टेजवर चेक देतानाचा फोटोही नको.

ती "बघते" म्हणाली आहे. आमच्या घरात 'बघते' म्हणजे निम्मा होकार.

आजीची समजूत मात्र अजून निघालेली नाही. तिला मी विचारलं, तुझं लग्न कुठे लागलं होतं गं? म्हणाली, "खळ्यात. सुगी झालेली, जागा मोकळी होती म्हणून." आणि वय? तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "चौदा. पण मला कुणी विचारलं होतं का?"

असो. जागेचं काय घेऊन बसलात, खळं काय, कार्यालय काय आणि शेड काय. पुढच्या वेळी लग्नपत्रिका हातात आली की 'विवाहस्थळ' वाचायच्या आधी एवढं मनात विचारून बघा, हिला कुणी विचारलं होतं का?